फोटो खराब का येतात? कॅमेऱ्याला दोष देण्यापूर्वी…

बारशाला पाळण्याभोवती चार पिढ्या जमतात. कुणीतरी उत्साहाने फोटो काढतो. नंतर पाहावे, तर पुढे उभ्या असलेल्या मावशीचा चेहरा पांढराफटक, मागच्या खुर्चीवरची पणजी काळोखात आणि बाळ धूसर. बारसे काही पुन्हा होत नाही. मग घरातले म्हणतात, ‘कॅमेरा बिघडला, दुरुस्तीला टाका.’

मोबाइल आल्यावर कपाटात गेलेले छोटे डिजिटल कॅमेरे आता तरुण मुले हौसेने पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. त्यामुळे ही तक्रारही पुन्हा ऐकू येते. खरे तर बहुतेक वेळा कॅमेरा धडधाकट असतो. खराब फोटो हा तापासारखा असतो. ते लक्षण आहे, रोग नव्हे. लक्षण नीट पाहिले तर कारण घरच्या घरी सापडते आणि दुरुस्तीचा खर्च वाचतो.

आधी ही परीक्षा घ्या

चष्म्याच्या मऊ, कोरड्या कापडाने लेन्स हलकेच पुसा. बोटाचा तेलकट ठसा एवढ्यानेही सगळा फोटो धुरकट होतो. मग दिवसाउजेडी भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवा. साधारण दीड मीटरवर टेबलावर कॅमेरा भिंतीसमोर सरळ ठेवा. झूम नको, फ्लॅशही नको. दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्या. मथळे रेखीव आले, तर कॅमेरा ठीक आहे. एकच बाजू पुसट आली, तर कॅमेरा कधीतरी पडून लेन्स तिरकी झाली असण्याचा संभव आहे.

धूसरपणाचे तीन प्रकार

फोटोतले सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. कोपरे अंगाशी धरा, भिंतीला टेका किंवा कॅमेरा टेबलावर ठेवा. भिंत स्पष्ट पण धावणारे मूल पुसट असेल, तर उजेड कमी पडला आहे. खिडकीजवळ या. मागचे कॅलेंडर स्पष्ट आणि चेहरा पुसट असेल, तर फोकस चुकला आहे. बटण आधी अर्धे दाबा, चौकट चेहऱ्यावर स्थिर होऊ द्या, मग पूर्ण दाबा. दागिना किंवा रांगोळी अगदी जवळून टिपायची असेल, तर फुलाच्या चिन्हाची सोय वापरा.

दाणे कुठून येतात?

जुन्या रोळाच्या कॅमेऱ्यातली फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची असे. बहुतेक छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६ × ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे तिच्या तिसाव्या हिश्शाएवढा असतो. एवढ्याशा जागेवर प्रकाश थोडाच पडतो. उजेड कमी असला की कॅमेरा आयएसओ वाढवून ती उणीव भरून काढतो आणि चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. आयएसओ १०० ते २००च्या आसपास ठेवा आणि खोलीतले सगळे दिवे लावा.

फ्लॅशची मर्यादा

या कॅमेऱ्यांचा फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंतच पोचतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. म्हणूनच मावशी पांढरी आणि पणजी काळी! माणसे एकामागे एक न बसवता कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर अर्धवर्तुळात बसवा. फोटोत पांढरी वर्तुळे तरंगताना दिसली, तर घाबरू नका. ते भूतखेत नव्हे. लेन्सजवळची धूळ किंवा पावसाचे थेंब फ्लॅशमध्ये चमकले, इतकेच.

रंग आणि आकार

पिवळ्या दिव्यांच्या उजेडात गणपतीची आरास पिवळीधमक येते. ‘व्हाइट बॅलन्स’मध्ये दिव्याचे चिन्ह निवडले की रंग ताळ्यावर येतात.

फोटोचा आकार कोणता निवडला आहे, तेही पाहा. सहा इंच बाय चार इंचाच्या चांगल्या प्रतीसाठी सुमारे १८०० × १२०० बिंदू लागतात. आकार चुकून ६४० × ४८० वर राहिला असेल, तर प्रत फाटल्यासारखी दिसणारच. डिजिटल झूम कायमचा बंद ठेवा. तो चित्र जवळ आणत नाही, नुसते ताणतो. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटोही आकसतो. छपाईसाठी तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा कार्डच दुकानात न्या.

खराबी खरीच असेल तर

कधी दोष यंत्राचाच असतो. २००५ मध्ये सोनीने बनवलेल्या काही सेन्सरमध्ये उष्ण, दमट हवेत बिघाड होत असल्याचे उघड झाले. चित्र विस्कटे किंवा येतच नसे. हे सेन्सर वापरणाऱ्या कॅनन, निकॉन यांच्यासह अनेक कंपन्यांना मोफत दुरुस्ती द्यावी लागली होती.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशीही लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आत दिसले, तर ते पुसून जात नाहीत. त्यासाठी कारागीरच हवा. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत नेताना तो आधी पिशवीत बंद करा. बाहेर आल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, म्हणजे लेन्सवर वाफ धरणार नाही.

दुरुस्तीला देण्यापूर्वी खर्चाचा अंदाज विचारा आणि कार्ड काढून घ्या. जुने फोटो कॅमेऱ्याहून मोलाचे असतात.

आणि हो, घरात कार्य असेल, तर आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी चार फोटो काढून पाहा. बॅटरी भरून ठेवा. पणजीची खुर्ची खिडकीच्या उजेडात कुठे मांडायची, हेही तेव्हाच ठरवून टाका.