मोटारीच्या दाराची आंतली फळी

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे घरांत तिच्याविषयीं दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विकून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, चालते आहे तोंवर चालूं द्या. या वादांत यंत्राची, चाकांची, पेट्रोलच्या खर्चाची चर्चा यथास्थित होते; परंतु दार उघडतांच जी वस्तु प्रथम डोळ्यांसमोर येते, तिचें नांवहि कोणी काढीत नाहीं. दाराच्या आंतल्या अंगास रेक्झीननें मढविलेली एक पातळ फळी असते. कारागीर तिला पॅड म्हणतात. ही फळी खालून फुगली आणि रेक्झीन तडकलें, कीं यंत्र कितीहि ठणठणीत असो, गाडी एकाएकीं म्हातारी दिसूं लागते व विकणाऱ्या पक्षास जोर चढतो.

आमच्या भद्रावतीस ही तक्रार अंमळ लवकरच येते. चंद्रपूर जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं, आणि पाठोपाठ मृगाचा पाऊस. रेक्झीन हें मूळचें एका इंग्रजी मालाचें नांव. हल्लीं आपण त्या नांवानें जें घेतों तें कापडावर प्लॅस्टिकचा थर चढविलेलें असतें. त्या थरास मऊ ठेवणारें तेलकट द्रव्य उन्हानें हळूहळू उडून जातें आणि थर पापडासारखा कडक होतो. उन्हाचें काम इतकेंच. फळीचा खरा घात पाणी करतें.

आमच्या घरची गाडी पद्मिनी. तिची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण तिचा या कामाशीं संबंध आहे. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईंत कुर्ल्यास होता. इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर तेथें गाड्या होऊं लागल्या. १९६४ मध्यें जी ‘फियाट ११०० डिलाइट’ निघाली, तीच १९७२ सालीं ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ सालीं ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नांव चितोडच्या राणीवरून पडलें असें सांगतात. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या मनुष्यास मात्र पद्मिनी म्हटलें कीं कमळाची वेल आठवते. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाहीं अशी तिची ख्याति. आणि येथें पाहावें तों पद्मिनीच्या दारांतच पाण्याचा मुक्काम!

गेलें शतक संपतां संपतां या गाड्यांचें उत्पादन थांबलें. मुंबईंत तारदेवच्या परिवहन कार्यालयांत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली, आणि टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या शहरांतील काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणें बंद झाली. हजारों टॅक्सी रस्त्यावर असतांना सुट्या भागांचा बाजार आपोआप चालत असे. गिऱ्हाईकच गेल्यावर दुकानदारानें माल कोणासाठीं ठेवावा? तेव्हां ज्या घरांत ही गाडी आहे, त्या घरच्या दाराची सडकी फळी हाच पुष्कळदां हातीं असलेला एकमेव नमुना होय. ती कितीहि कुजली असली तरी फेकूं नये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची जुनी फळी कुशनवाल्यानें केरांत टाकली व नवी अंदाजानें कापली. कांच वरखालीं करण्याच्या हँडलाचें भोंक बोटभर सरकलें, आणि तेवढ्यासाठीं सगळें काम पुन्हां करावें लागलें.

फळी असते हार्डबोर्डाची, जाडी सुमारें तीन मिलिमीटर. हा हार्डबोर्ड १९२४ सालीं अमेरिकेंत विल्यम मेसन नांवाच्या गृहस्थानें काढला. लाकडाच्या कपच्या वाफेच्या दाबाखालीं ठेवून दाब एकदम सोडावयाचा, कीं त्यांचे तंतु सुटे होतात; ते तंतु उष्णतेनें व दाबानें थापले कीं लांकडांतील नैसर्गिक चिकटपणाच त्यांस पुन्हां जोडतो. बल्लारपूरच्या कारखान्यांत बांबूच्या लगद्याचा कागद होत आला आहे. हार्डबोर्ड हा त्या कागदाचा जाड चुलतभाऊ समजावा. कागद भिजल्यावर जें होतें तेंच याचें होतें. कडेनें पाणी शिरलें कीं पापुद्रे सुटतात आणि खिळा धरून राहत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. मोटारीचें दार हें पत्र्याचें पोकळ खोकें आहे. कांचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पावसाचें थोडें पाणी आंत जाणारच. तें जाईल असें धरूनच दाराच्या तळाशीं बारीक भोकें ठेविलेलीं असतात. चिखलानें व गंजाच्या पुडीनें तीं बुजलीं कीं पाणी सांचतें आणि फळी खालून तें शोषून घेते. शिवाय पत्रा व फळी यांच्यामध्यें प्लॅस्टिकचा एक पडदा असावा लागतो; पूर्वीं कोणी दुरुस्तीसाठीं फळी काढली असली, तर तो बहुधा फाडून टाकलेला आढळतो. अशा दारास नवी, सुबक फळी बसविणें म्हणजे गळक्या छपराखालीं नवी गादी अंथरण्यासारखें आहे. दोन पावसाळ्यांत ती पहिल्याच मार्गानें जाईल, आणि दोष मात्र कारागिरास मिळेल.

परीक्षा सोपी आहे. कांच वर करून बाहेरच्या बाजूनें तिच्यावर तांब्याभर पाणी ओतावें व दाराखालीं पाहावें. थोड्याच वेळांत तळाशीं धार लागली तर ठीक. न लागल्यास भोकें तारेनें मोकळीं करावीं, गंज खरवडून पत्र्यास रंग द्यावा, रबरी पट्टी कडक झाली असल्यास बदलावी. फळीस हात लावण्याची वेळ त्यानंतर.

फळी काढतांना घाई घातक ठरते. कांचेचें हँडल कांहीं गाड्यांत आडव्या खिळीनें, कांहींत घोड्याच्या नालासारख्या कमानीनें अडकविलेलें असतें. त्यामागची चकती दाबून आंत डोकावावें म्हणजे कोणती युक्ति आहे तें कळतें. फळी स्वतः स्प्रिंगच्या चिमट्यांवर असते. रुंद, बोथट पट्टी अगदीं चिमट्याजवळ घालून एक एक सोडवावा. मधूनच ओढल्यास चिमटा पत्र्यांत आणि फळीचा तुकडा हातांत येतो.

नवी फळी हार्डबोर्डाची करावी कीं पाणी सोसणाऱ्या प्लायवूडची, याविषयीं मतभेद आहे. मूळचें वळण हवें असेल तर हार्डबोर्ड, टिकाऊपणा हवा असेल तर प्लायवूड. आमचा कौल दुसऱ्याला. परंतु कांहींहि घेतलें तरी दोन्हीं अंगें, सगळ्या कडा आणि प्रत्येक भोंकाचा कांठ यांस व्हार्निशचे दोन हात दिल्यावांचून रेक्झीन चढवूं नये. कुशनवाले ही पायरी गाळतात, कारण ती पुढें कोणास दिसत नाहीं. जवळ उभें राहून करवून घ्यावी. रेक्झीन सोल्युशननें चिकटवून इंचभर मागें दुमडावें. हँडलाचें भोंक शेवटीं, आणि आधीं लहानच पाडावें. प्लॅस्टिकच्या पडद्याचें खालचें टोंक दाराच्या पोकळींत सोडावें, म्हणजे त्यावरून ओघळलेलें पाणी फळीकडे न येतां तळाच्या भोकांकडे जातें.

रंगाविषयीं घरांत पुन्हां दोन पक्ष पडले. पुतण्यांस चौकटीची शिवण आणि आवाजाच्या पेट्यांसाठीं दारांत मोठीं भोकें हवीं होतीं. नवेपणास आमचा विरोध नाहीं. २०१५ सालीं ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमांत तरुण चित्रकारांनीं मुंबईच्या टॅक्सींचे अंतर्भाग चित्रांच्या कापडांनीं सजविले, तें काम मोठें देखणें होतें. पण कापड उद्यां बदलतां येतें, कापलेला पत्रा परत येत नाहीं. शिवाय केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांसाठीं वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांत सांगाडा, शरीर व यंत्र यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. पहिल्या डिलाइट गाड्या ही मर्यादा केव्हांच ओलांडून गेल्या. पद्मिनीहि त्या वाटेवर आहेत. शेवटीं शिवण पुतण्यांच्या पसंतीची झाली व पत्रा शाबूत राहिला.

डाव्या दाराची जुनी फळी उलटी धरली म्हणजे बहुतेक उजव्या दाराचा नमुना होतो; म्हणून एक शाबूत असली तरी दोन दारांचें काम भागतें. तिच्यामागें कोणतें दार, कोणतें साल, चिमटे किती, हें पेन्सिलीनें लिहावें. माळ्यावर ठेवतांना मात्र भिंतीस टेकवूं नये, वांकते. सपाट ठेवावी आणि वर जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवावा.