संशोधनाच्या वेबसाइटसाठी कंट्रोल पॅनेल कसं निवडायचं?

समजा, तुमचा विषय आहे गोंदिया जिल्ह्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. फोटो, नकाशे, गावकऱ्यांच्या मुलाखती असं बरंच जमलं, की गाइड म्हणतात, "याची एक वेबसाइट करून टाका." होस्टिंग घ्यायला जावं तर समोर चार-पाच नावं येतात आणि तिथेच आपण अडकतो.

आधी साधी गोष्ट. आपली वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर राहते तो सर्व्हर. त्यावरची कामं खरं तर कमांड लिहून करायची असतात. तीच कामं, म्हणजे फाइल चढवणं, डेटाबेस बनवणं, एसएसएल लावणं, बॅकअप घेणं, ब्राउझरमध्ये बटणं दाबून करता यावीत म्हणून केलेली सोय म्हणजे कंट्रोल पॅनेल.

पदव्युत्तरच्या प्रोजेक्टला मी फक्त पहिल्या वर्षाचा दर बघून होस्टिंग घेतलं. दुसऱ्या वर्षाचा दर परवडला नाही, मुदत संपली, खातं बंद झालं. बॅकअप होता, पण त्याच खात्यात! फोटो मोबाइलमध्ये होते म्हणून वाचले. कोणता फोटो कोणत्या गावचा, कोणत्या तारखेचा, ही नोंद मात्र गेली. आणि नोंदीशिवाय फोटो म्हणजे नुसतं चित्र, तो पुरावा होत नाही. तेव्हापासून मी आधी एकच प्रश्न विचारतो: इथून बाहेर कसं पडता येईल?

आता पर्याय बघू. शेअर्ड होस्टिंग घेतलं तर पॅनेल कंपनीच देते, बहुतेक वेळा सीपॅनेल, प्लेस्क किंवा डायरेक्टॲडमिन. अपडेटची जबाबदारीही कंपनीची. स्वतःचा व्हीपीएस घेतला तर पॅनेल आपण निवडायचं. सीपॅनेलने २०१९ मध्ये लायसन्सचा दर सर्व्हरऐवजी खात्यांच्या संख्येवर नेला, त्यामुळे अनेकांचा खर्च वाढला आणि लोक दुसरीकडे वळले. हेस्टिया, व्हर्चुअलमिन, आयएसपीकॉन्फिग ही मोफत आणि मुक्त स्रोत पॅनेल आहेत. पण इथे "मोफत" म्हणजे पैसे नाहीत, वेळ द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल या पॅनेलमधल्या त्रुटीतून शिरून हजारो सर्व्हरवर रॅन्समवेअर टाकलं गेलं. धान कापणीच्या दिवसांत आपण पंधरा दिवस फील्डवर असताना अपडेट कोण करणार? उत्तर नसेल तर शेअर्ड होस्टिंग बरं.

निवड पक्की करण्याआधी तीन चाचण्या करा. एका संध्याकाळचं काम आहे.

१) बाहेर पडण्याची चाचणी. पूर्ण बॅकअप स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवता येतो का? फाइली वेगळ्या आणि डेटाबेस वेगळा, एसक्यूएल स्वरूपात, मिळतो का? मिळत असेल तर उद्या दुसऱ्या पॅनेलवर जाता येतं. हेस्टियामध्ये तर सीपॅनेलचा बॅकअप आत घेण्याची सोयही आहे.

२) मराठीची चाचणी. डेटाबेसमध्ये "अर्जुनी मोरगाव" असं टाइप करा, एक्सपोर्ट करा, पुन्हा इम्पोर्ट करून वाचा. प्रश्नचिन्हं दिसली तर कॅरेक्टर सेट चुकलाय. तो यूटीएफ८एमबी४ ठेवा. हे पहिल्या दिवशीच बघा. पाचशे नोंदी भरल्यावर कळलं तर फार मनस्ताप होतो.

३) कुलपाची चाचणी. विषय सारसाचा असेल तर ही सगळ्यात महत्त्वाची. सारस धानाच्या बांधीतही घरटं करतो, आणि आपल्या फोटोंमध्ये बऱ्याचदा जीपीएस नोंद लपलेली असते. फोल्डरची यादी बाहेर दिसत असेल तर घरट्याचा पत्ता आपणच जगाला दिला! म्हणून पॅनेलमध्ये डिरेक्टरी लिस्टिंग बंद करता येतं का, फोल्डरला पासवर्ड लावता येतो का, लॉगिनला दोन टप्प्यांची पडताळणी आहे का, ते बघा. तरीही घरट्यांची नेमकी ठिकाणं वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवूच नका, आणि फोटो चढवण्याआधी त्यातली जीपीएस नोंद काढून टाका.

शेवटचं, पण महत्त्वाचं. फेलोशिप संपते, मग होस्टिंगचे पैसे भरणंही थांबतं. प्रबंध शोधगंगेवर राहतो, पण त्यामागचा डेटा? जो डेटा खुला करता येतो त्याची एक प्रत झेनोडोसारख्या संग्रहात ठेवा. सर्न ही संस्था तो २०१३ पासून चालवते, पैसे लागत नाहीत आणि डीओआय क्रमांक मिळतो. प्रबंधात संदर्भ त्या क्रमांकाचा द्या, वेबसाइटच्या पत्त्याचा नको. मुलाखती असतील तर आधी सांगणाऱ्याची संमती घ्या.

म्हणजे वेबसाइट दाखवण्यासाठी, संग्रह जपण्यासाठी. हे एकदा ठरलं की पॅनेलची निवड तेवढी अवघड राहत नाही. ज्यातून आपलं सामान सहज बाहेर काढता येतं आणि ज्याची देखभाल आपल्याला झेपते, ते पॅनेल आपलं. आजच एक बॅकअप लॅपटॉपवर उतरवा, आणि मुख्य म्हणजे तो उघडून बघा.