पेपरवालं पिल्लू

“केसीआयचे पेपर आहेत हो, मग काळजी कसली?” पिल्लू घ्यायला निघालेला माणूस हे हमखास ऐकवतो, आणि तेही सगळा अभ्यास उरकल्याच्या थाटात. तेव्हा एकदाचं सांगून टाकू.

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. मुख्यालय चेन्नईला, सरकारी खातं नव्हे. या क्लबचं प्रमाणपत्र म्हणजे वंशावळ: जात कोणती, आईबाप कोण, आजेआजोबा कोण. ही नोंद मुख्यतः ब्रीडरने भरून दिलेल्या माहितीवर होते. समजा, ती माहिती अक्षरन् अक्षर खरी आहे. तरी पिल्लाची आई दिवसरात्र पिंजऱ्यात असते का, तिचं हे कितवं वेत, दोन वेतांत तिला उसंत मिळाली का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. पिल्लांचा कारखाना काढलेल्या माणसाकडची लॅब्रॅडोरही अस्सलच असते. अस्सल आहे म्हणूनच तर तिच्यावर ही पाळी येते!

बाजार तर हे लपवतही नाही. पेपरसकट हवं तर एक भाव, बिनपेपरचं हवं तर कमी. आई तीच, पिंजरा तोच, वेतही तेच. मग जास्तीचे पैसे मोजून आपण नेमकी कशाची खात्री विकत घेतली?

विचारायचा कागद वेगळाच आहे. केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. मादी १८ महिन्यांची होण्याआधी आणि ८ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, जन्मभरात ५ वेतांच्या वर जायचं नाही, ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, विकताना मायक्रोचिप बसवलेली हवी. नोंदणीचा दाखला मागितल्यावर समोरचा “तसलं काही लागत नाही” म्हणाला, तर तिथूनच परत फिरावं.

दाखला असला तरी जागेवर जायचंच. पिल्लं आईसोबत असताना पाहायची. आई अंग चोरते की शेपूट हलवत येते, तिची कातडी कशी आहे, तिथे वास कसला येतो, किती जातींची पिल्लं एकाच वेळी विकायला आहेत, हे सगळं पाच मिनिटांत दिसतं. म्हणून तर “आई फार्मवर आहे”, “व्हिडिओ पाठवतो”, “तुम्ही कशाला एवढ्या लांब येता, हायवेवर आणून देतो” अशी सरबराई चालते. एवढी सोय कुणाची होते आहे, याचा विचार करा.

दुसरा हट्टी समज ४५ दिवसांचा. “पंचेचाळीस दिवसांचं आणा, लवकर लळा लागतो.” ४५ दिवस म्हणजे जेमतेम साडेसहा आठवडे, म्हणजे नियमातल्या ८ आठवड्यांच्या आधीच. चावा किती जोरात घ्यायचा, हे पिल्लू या काळात भावंडांशी खेळता खेळता शिकतं. शिवाय आईकडून मिळालेलं रोगप्रतिकाराचं कवच याच सुमारास विरायला लागतं आणि लसीकरण जेमतेम सुरू झालेलं असतं. लवकर विकल्याने विक्रेत्याचा खाण्याचा आणि लशीचा खर्च मात्र वाचतो. त्यात पार्व्हो विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. विक्रीच्या दिवशी टुणटुणीत असलेलं पिल्लू आठवड्यात रक्ताची हगवण लागून दवाखान्यात पोचतं, आणि विक्रेता सांगतो, “तुमच्याकडचं पाणी बाधलं असेल.”

बाकीचे किरकोळ. “डबल बोन लॅब” असा प्रकार कुठल्याही जातीच्या मानकात नाही. कुत्र्याच्या अंगात तीनशेच्या वर हाडं असतात, पण प्रत्येक एकेरीच. “दुकानातल्या पिंजऱ्यातून सोडवलं” म्हणजे सुटका नव्हे, गिऱ्हाइकी. रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात पुढचं पिल्लू येतं. महाग म्हणजे निरोगी, हेही खोटं. लॅब किंवा जर्मन शेफर्डच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, मग किमतीचं बोलू. गावठी पिल्लू फ्लॅटमध्ये रुळत नाही म्हणणाऱ्यांनी जवळच्या निवारा केंद्रात एक चक्कर मारावी. आणि “मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं” याला वैद्यकीय आधार नाही. उलट, पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो, असं पशुवैद्यकाची पाठ्यपुस्तकं सांगतात. आपल्या कुत्रीसाठी नेमकी वेळ कोणती, ते डॉक्टरांना विचारावं. पिल्लं झाल्यावर शेजारपाजारी गिऱ्हाइकं शोधत फिरण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.