दफ्तरातलं जंगल, उपग्रहातलं जंगल

नकाशातला देश : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण शादनगरच्या भूकेंद्रापर्यंत आलो होतो. उपग्रहाने पाठवलेले आकडे तिथे उतरवून घेतात आणि त्या आकड्यांतून चित्र उभं राहतं. आता त्या चित्राचा नकाशा कसा होतो ते पाहू. मला स्वतःला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सरकारचे निर्णय आणि पैसा नकाशाप्रमाणे फिरतो. हे समजून घ्यायला सिकंदराबादेत झालेल्या एका कामाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

देशात जंगल किती, या प्रश्नाचं उत्तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वनखात्याच्या दफ्तरात असायचं. साडेसात कोटी हेक्टर, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास २३ टक्के. ही मोजणी कागदावरची होती. जी जमीन कायद्याने वन म्हणून नोंदली गेली ती जंगलात धरायची, मग तिच्यावर साग उभा असो की नुसते खुंट.

राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली होती आणि तिचं कार्यालय सिकंदराबादेत सरदार पटेल रोडवर होतं. हीच संस्था पुढे, १ सप्टेंबर २००८ पासून, इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र झाली. आज तिचा मुख्य कारभार हैदराबादच्या बालानगरातून चालतो. या संस्थेने अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२-७५ आणि १९८०-८२ या दोन काळांतली चित्रं घेतली आणि अख्ख्या देशाचं वनाच्छादन दोनदा मोजलं. पहिल्या काळात ते ५ कोटी ५५ लाख हेक्टर भरलं, म्हणजे १६.८९ टक्के. दुसऱ्या काळात ४ कोटी ६३ लाख हेक्टर, म्हणजे १४.१० टक्के. वर्षाला सुमारे तेरा लाख हेक्टर झाडी नाहीशी होत होती, आणि दफ्तरातला आकडा मात्र जागचा हलला नव्हता.

एवढा मोठा फरक कुणालाही अस्वस्थ करणारा होता. वनखात्यातल्या लोकांनी आक्षेप घेतले. त्यांतले काही निव्वळ खात्याची बाजू राखणारे असतील, पण काही अगदी रास्त होते. ते का, हे कळायला त्या काळच्या कामाच्या टेबलाकडे थोडं जवळून पाहायला हवं.

लँडसॅटचं एक चित्र १८५ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद मुलूख टिपतं. काम दहा लाखास एक या प्रमाणावर चाललं होतं, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. एवढा मोठा प्रदेश साडेअठरा सेंटिमीटरच्या चौकोनात आला. खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावर हे चित्र ठेवायचं, वर पारदर्शक कागद पसरायचा आणि रंग पाहत पाहत पेन्सिलीने हद्द आखायची. या चित्रात झाडी लाल दिसते. हिरवी पानं डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात, आणि तो दाखवायला चित्रात लाल रंग वापरतात. गर्द लाल म्हणजे दाट झाडी, फिका लाल म्हणजे विरळ.

आता मापाचा विचार करा. हाताने दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका नीट आखता येत नाही. या प्रमाणावर दोन मिलिमीटरचा चौकोन म्हणजे जमिनीवरचे चार चौरस किलोमीटर, चारशे हेक्टर. त्याहून लहान देवराई, ओढ्याकाठची झाडी, डोंगराच्या घळीतलं रान, सगळं नकाशातून गळतं. शिवाय चित्र कोणत्या महिन्यातलं हाही प्रश्न असतोच. विदर्भातला साग उन्हाळ्यापर्यंत पानं टाकून बसतो. एप्रिलचं चित्र पाहिलं तर मेळघाटातला भरला डोंगरही उघडा वाटेल. म्हणूनच पुढे पावसाळ्यानंतरची, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं घ्यायची पद्धत रूढ झाली.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेनेही स्वतंत्रपणे तशीच चित्रं वाचली आणि १९८७ मध्ये आपला पहिला अहवाल काढला. आकडा आला सुमारे साडेएकोणीस टक्के. उपग्रह त्याच मालिकेतले, काळही साधारण तोच, आणि उत्तरांत पाच टक्क्यांहून जास्त फरक! दोन्ही संस्थांनी मग आपापलं वाचन ताडून पाहिलं आणि साडेएकोणीसच्या आसपासचा आकडा मान्य झाला. सिकंदराबादेत आधी निघालेला आकडा कमी भरला होता, हे खरं. तरीही माझ्या मते या शहराने देशाची मोठी सेवा केली. त्यानंतर दफ्तरातल्या नोंदीला कुणी जंगल म्हणू शकलं नाही. तेव्हापासून दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या आधारे देशाचं वनाच्छादन मोजायचा शिरस्ता पडला आणि आज तो चारशे हेक्टरऐवजी एका हेक्टरपर्यंत बारीक झाला आहे.

पण मोजमाप बारीक झालं म्हणून व्याख्येचा प्रश्न सुटला नाही. २०२३च्या वन अहवालानुसार देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. यात जंगल कशाला धरलं आहे? एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या तुकड्यावर झाडांच्या माथ्यांनी दहा टक्के तरी जमीन झाकली आहे, तो प्रत्येक तुकडा. जमीन कुणाची, झाड कोणतं, हे विचारात घेत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याचं उदाहरण घ्या. अहवालात या जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दिसतो, पण वनखात्याच्या ताब्यातली जमीन तिथे अगदी तुटपुंजी आहे. बाकी खाजगी रानं, आणि त्यांत आंब्या-काजूच्या बागाही आल्या. जुनं मिश्र रान तोडून कलमं लावली आणि ती वाढली, की या आकड्यात फारसा फरक पडत नाही. रानातला शेकरू आणि धनेश कुठे गेले, ते हा आकडा सांगत नाही.

याच्या उलट गत माळरानाची झाली. १९८५ मध्ये पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं आणि अशा जमिनींचे नकाशे करायचं काम राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेकडे आलं. २००० साली देशाचा पडीक जमिनींचा अॅटलास निघाला. त्यात देशाची सुमारे एक पंचमांश भूमी आली. त्यातल्या वर्गांत खुरटी झुडपी जमीन आहे आणि ऱ्हास पावलेली कुरणंही आहेत. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतली माळरानं बरीचशी याच खणात पडतात. उन्हाळ्यातल्या चित्रात ती बोडकी दिसतात हे खरं. पण मुरमाड, उथळ माती आणि थोडा पाऊस यांत गवतच वाढायचं. माळढोक त्याच गवतावर जगला, लांडगा आणि चिंकारा अजून जगतात, धनगरांची मेंढरं त्यावर चरतात. नकाशात पडीक ठरलेल्या जमिनीवर मग झाडं लावायची योजना येते, नाहीतर सौर पॅनेल येतात, आणि कागदावर ती सुधारणा म्हणून नोंदली जाते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या अभ्यासकांनी उपग्रहाच्याच माहितीवरून देशातल्या निमशुष्क भागांतली अशी मोकळी निसर्गक्षेत्रं शोधली. ती देशाच्या दहा टक्के भूभागाइतकी भरली, आणि त्यांतली बरीचशी सरकारी नकाशात पडीक म्हणून लागलेली होती. म्हणजे चूक सापडली तीही उपग्रहामुळेच. मधल्या वर्गवारीच्या पायरीवर माणसाने काय ठरवलं, एवढाच काय तो फरक.

ही पायरी तपासायचं साधन आज आपल्या हातात आहे. ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालेल्या इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर जमीन वापराचा पन्नास हजारास एक प्रमाणाचा नकाशा कुणालाही पाहता येतो. राज्यांचे नकाशे करताना राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र राज्यांच्या संस्थांना बरोबर घेतं, आणि महाराष्ट्रात ही संस्था म्हणजे नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. पुढच्या आठवड्यात आपण तिथे जाणार आहोत, पुरात ढगांखालचं पाणी रडार कसं पाहतं ते समजून घ्यायला.

तोवर वाचकांना एक विनंती. भुवनवर आपलं गाव शोधा. गायरान, देवराई, माळ, डोंगरउतार यांना तिथे कोणता वर्ग लावला आहे ते बघा आणि गावातल्या जाणत्या माणसांना, गुराख्यांना दाखवा. वर्ग चुकीचा वाटला तर ग्रामसभेत ठराव करून तो तहसील आणि वन विभागाला लेखी कळवा. त्या जमिनीवर एखादी योजना मंजूर होण्याआधी कळवलंत, तर त्याचा उपयोग होईल.