प्रौढ कुत्र्याचे शिक्षण

गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि कायगाव-टोक्यापाशी तिला प्रवरा येऊन मिळते. या मुलखात मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर कुत्रे धरतात ते पिल्लू असतानाच, कारण मेंढरांत वाढलेले पिल्लू मेंढरांचेच होऊन राहते, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. शास्त्राचीही त्याला पुष्टी मिळते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तिसऱ्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ श्वानाच्या सामाजिक घडणीत निर्णायक असतो, असे प्रतिपादन केले. परंतु एवढ्यावरून ‘थोराड कुत्रे काही शिकत नाही’ असा जो निवाडा घरोघरी परस्पर दिला जातो, त्याला मात्र आधार नाही. आणि या निवाड्यापायी घरात आलेला जीव पुन्हा रस्त्यावर सोडला जातो, म्हणून त्याची तपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

याच तालुक्यातील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्यांच्या डब्यातील भाकरीवर वाढलेला दोन-तीन वर्षांचा कुत्रा एखाद्या कुटुंबाने घरी आणला, असे समजा. तो हाकेला येत नाही, ‘बस’ म्हटले तर बसत नाही, गळ्यात पट्टा पडताच पोट जमिनीला टेकून थिजून जातो. आणि घरची माणसे म्हणतात, याला काहीच येत नाही. वास्तविक त्याला पुष्कळ येते. डबे केव्हा उघडतात, कोणता पहारेकरी मायाळू आहे, ‘हाड’ म्हटल्यावर किती पावले मागे सरले की पुरते, आणि माणूस धोंडा उचलण्यासाठी वाकला की तो धोंडा हाती येण्याच्या आत कोणत्या बाजूला पळावे, हे सारे तो कोणी न शिकवता शिकलेला असतो. एडवर्ड थॉर्नडाइक याने 1898 साली मांजरांना पेटीत कोंडून जे प्रयोग केले, त्यांतून पुढे त्याने हाच नियम मांडला, की ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक ती दृढ होते आणि ज्या कृतीचा परिणाम क्लेशदायक ती क्षीण होत जाते. तेव्हा नव्या धन्याचे काम कोऱ्या पाटीवर लिहिण्याचे नसून आधी लिहिलेले वाचण्याचे आहे.

त्या वाकण्याचेच घ्या. घरात आपण दिवसातून कितीदा तरी वाकतो. चप्पल उचलतो, केर काढतो, पाण्याचे भांडे ठेवतो, आणि प्रत्येक वेळी त्या कुत्र्याच्या काळजात धोंडा येऊन पडतो. इव्हान पाव्हलॉव्ह, ज्याला 1904 साली पचनसंस्थेवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याने दाखवून दिले की मूळच्या निरर्थक खुणेची एखाद्या अर्थपूर्ण घटनेशी वारंवार सांगड पडली की ती खूणच देहाला हलवू लागते. यालाच अभिसंधान म्हणतात. हे बंधन जसे जडते तसेच ते बदलताही येते. म्हणून प्रथम दुरून, कुत्र्याकडे रोखून न पाहता वाकावे, उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा जमिनीवर ठेवावा आणि सरळ होऊन चार पावले मागे यावे. भीती दिसली तर अंतर वाढवावे. ती ओसरली तरच कमी करावे. वाकलेला माणूस म्हणजे अन्न, ही नवी सांगड पडेपर्यंत ‘बस’ आणि ‘थांब’ यांची घाई करू नये. भेदरलेल्या प्राण्याचे सारे अवधान पळवाटेकडे लागलेले असते आणि हुकमाची तामील करायला त्याच्यापाशी ते शिल्लक राहत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयीचे अत्यंत मोलाचे संशोधन आपल्याच देशात झाले आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्र यांच्या चमूने 2017 साली असे दाखविले की अनोळखी माणसाशी वारंवार भेट झाल्यावर या कुत्र्यांचा विश्वास जडतो तो नुसत्या अन्नाने नव्हे, तर कुरवाळण्याने अधिक. 2020 साली याच चमूने आणखी एक गोष्ट पुढे आणली: ज्या प्रौढ कुत्र्यांना कोणीही शिकविलेले नाही, त्यांच्यापैकी जे भीती सोडून पुढे आले, त्यांतील बहुसंख्यांनी माणसाच्या हाताने दाखविलेले भांडे बरोबर ओळखले. यातून पाळणाऱ्याला थेट मार्ग मिळतो. शब्दाआधी हात वापरावा. चिमटीतला तुकडा नाकासमोरून हळूहळू डोक्यावर नेला की मान वर होते आणि मागचे धड आपसूक खाली बसते. ते टेकताक्षणी, फार तर सेकंदाच्या आत, मोबदला मिळाला पाहिजे, कारण उशीर झाला तर बक्षीस बसण्याला न मिळता पुन्हा उठण्याला मिळते. हाताची खूण पक्की झाली की मग तिच्या किंचित आधी ‘बस’ हा शब्द उच्चारावा, आणि तो घरातल्या सर्वांनी एकच ठेवावा.

हाकेची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘ये’ म्हणून बोलवायचे आणि आल्यावर बांधायचे, रागे भरायचे किंवा औषध पाजायचे, असे केले की हाक म्हणजे संकट हा धडा कुत्रा तत्काळ पाठ करतो. जेवणाच्या पाटाशी भुंकून घास मागण्याची सवय मोडायची असेल तर घास कायमचा बंद करावा. आरंभी भुंकणे वाढेल, कारण आजवर चाललेला उपाय तो अधिक जोराने करून पाहील, आणि नेमक्या त्या वेळी कोणी दयेने तुकडा टाकला तर मोठ्याने भुंकलेलेच फळते, हे त्याला पटेल.

वयाची शंका व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2016 साली तपासली. पाच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या 95 बॉर्डर कॉली कुत्र्यांना त्यांनी पडद्यावरील चित्रांतला भेद शिकविला. वयस्कांना वेळ अधिक लागला, परंतु सहा महिन्यांनंतरच्या स्मरणात वयामुळे फरक दिसला नाही. पाठ रोजच द्यावे लागतात असेही नाही. कोपनहेगनच्या 2011 च्या अभ्यासात तर आठवड्यातून एक-दोनदा शिकविलेल्या बीगल कुत्र्यांना रोज शिकविलेल्यांपेक्षा कमी पाठ पुरले. मारझोडीविषयी एवढेच सांगणे पुरे, की 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगालमधील अभ्यासात धाकाने शिकविलेल्या कुत्र्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक पाठानंतर अधिक वाढलेले आढळले.

पट्ट्याची सवय मात्र लवकर लावावी, कारण रेबीजच्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकता येत नाही. पट्टा आधी जेवणाच्या भांड्याजवळ नुसता ठेवावा, मग जेवताना गळ्यात घालावा, मग दोरी लावून ती अंगणात मोकळी ओढत हिंडू द्यावे, आणि त्यानंतरच तिचे टोक हाती घ्यावे.