पाणावलेले कोरडे डोळे

डोळ्यांतून सारखें पाणी येणाऱ्या मनुष्यास ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ असें डॉक्टरांनीं सांगितलें, तर तो डॉक्टरांकडेच संशयानें पाहूं लागतो. रुमाल भिजेपर्यंत जे डोळे गळतात ते कोरडे कसे, ही त्याची शंका वरवर पाहतां रास्तच आहे. नेत्ररोगांच्या दवाखान्यांत मात्र हा प्रसंग आतां नित्याचा झाला आहे. सकाळीं उठतांना पापण्या जड व्हाव्या, दुपारीं डोळ्यांत वाळूचे कण गेल्याप्रमाणें खुपावें, वाचतां वाचतां अक्षरें पुसट व्हावीं व पापणी मिटून उघडतांच पुन्हां स्पष्ट दिसावीं, वाऱ्याची झुळूक लागतांच पाणी वाहूं लागावें, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या पुष्कळांच्या डोळ्यांत पाण्याचा दुष्काळ नसतो. उणीव असते ती तेलाची.

डोळ्यांत तेल असतें हें ऐकूनच अनेकांना नवल वाटेल. बुबुळावर अश्रूंचा जो थर सदैव पसरलेला असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या दोनचार पट इतकीच असते. एवढ्याशा थरांतही खालीं बुळबुळीत श्लेष्मल द्रव्य, मध्यें पाणी आणि सर्वांवर तेलाचा अतिशय पातळ तवंग, अशी रचना असते. रश्श्यावर तवंग असला म्हणजे तो लवकर निवत नाहीं, हें गृहिणींस ठाऊक आहे. डोळ्यावरील तवंगाचें काम त्याच जातीचें आहे. तो पाण्याची वाफ होऊं देत नाहीं. तवंग फाटला कीं उघड्या डोळ्यावरील पाणी कांहीं सेकंदांतच जागोजाग सुकतें, खालील नाजूक पटल उघडें पडतें व झोंबूं लागतें. झोंबल्याची वर्दी मज्जातंतूंवाटे मेंदूस पोंचते आणि अश्रुपिंड घाईघाईनें पाणी ओततो. हें पाणी गालावरून ओघळून जातें. तवंग नसल्यामुळें डोळ्यावर तें टिकत नाहीं. पाणावलेल्या कोरड्या डोळ्यांचें कोडें तें हेंच.

हें तेल पुरविणाऱ्या ग्रंथि पापण्यांच्या आंतील घट्ट पट्टींत उभ्या ओळीनें बसविलेल्या असतात; वरच्या पापणींत सुमारें २५ ते ४० आणि खालच्या पापणींत सुमारें २० ते ३०. प्रत्येकीचें सूक्ष्म तोंड पापणीच्या कडेवर, केसांच्या मुळांच्या किंचित् मागें उघडतें. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांना त्याचेंच नांव मिळालें. पापणी मिटतांना स्नायूंचा दाब या ग्रंथींवर पडतो, तेलाचा थेंब बाहेर येतो आणि पापणी उघडतांना तो अश्रूंवर पसरतो. म्हणजे पापणीची उघडझांप हाच या तेलाच्या घाण्याचा बैल होय.

निरोगी स्थितींत हें तेल पापणीच्या स्वाभाविक उष्णतेंत पातळ राहतें. विकार जडला कीं त्याचे घटक बदलतात व तें वितळण्यास कांहीं अंश अधिक उष्णता लागूं लागते. ग्रंथीच्या तोंडाशीं मृत पेशींचा थर सांचतो. थंडीच्या दिवसांत खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाहीं. पापणींत नेमकें तसेंच होतें. डॉक्टर अंगठ्यानें पापणीची कड हळूच दाबून पाहतात. निरोगी पापणींतून स्वच्छ, पातळ तेल येतें. बिघडलेल्या पापणींतून गढूळ द्रव्य, किंवा दंतमंजनाच्या नळींतून निघावी तशी घट्ट पांढरी वळी येते. कित्येकदां कांहींच येत नाहीं. एखाद्या ग्रंथीचें तेल आंतच कोंडून तिला सूज आली म्हणजे पापणींत गांठ उठते. रांजणवाडी म्हणून घरोघर जिची ओळख आहे तिचा एक प्रकार हाच.

इतकेंच असतें तर काळजीचें कारण फारसें नव्हतें. परंतु तोंड बंद होऊन पडलेल्या ग्रंथींत दाब वाढत जातो, तेल तयार करणाऱ्या पेशी झिजतात आणि ग्रंथि हळूहळू आंखडून नाहींशी होते. हा नाश होत असतां फारसें दुखत नाहीं, म्हणून तो कळतही नाहीं. गेलेली ग्रंथि पूर्ववत् करणारें खात्रीचें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. ज्या ग्रंथि केवळ तुंबलेल्या आहेत त्या तेवढ्या वांचवितां येतात, आणि त्यांनाच वांचविण्यासाठीं पुढील सारा खटाटोप.

कारणें एक नव्हेत. वय वाढतें तसा हा विकार वाढतो. आशियांतील लोकांत तो युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षां अधिक आढळला आहे. चेहऱ्यावर लाली येणारा रोझेशिया नांवाचा त्वचारोग, मुरुमांवर पोटांत घेण्याचें आयसोट्रेटिनोइन हें औषध, बुबुळावर बसविण्याचीं भिंगें, हीं त्यांपैकीं कांहीं. शहरांतील सुशिक्षित माणसाचा विशेष अपराध मात्र निराळाच आहे. बोलतां-चालतां मनुष्य मिनिटास साधारण पंधरा वेळां पापण्या मिटतो. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्याकडे टक लावली म्हणजे ही संख्या निम्म्याहूनही खालीं जाऊं शकते आणि ज्या उघडझांपा होतात त्यांतील अनेक अर्ध्यावरच थांबतात. बैल उभा राहिला कीं घाणाही थांबतो. त्यांतच कचेरींतील वातानुकूल यंत्राची कोरडी हवा तोंडावर येत असते. काजळाविषयीं थोडें अप्रिय बोलणें भाग आहे. पापणीच्या आंतल्या कडेवर, म्हणजे बरोबर या ग्रंथींच्या तोंडांवर, तें रोज भरलें तर तोंडें बुजण्यास मदतच होते. हौसेनें घालावयाचेंच तर केसांच्या बाहेरील बाजूस घालावें आणि रात्रीं निजण्यापूर्वीं पुसून काढावें.

उपचारांचा राजा शेक. डोळा दुखूं लागला म्हणजे पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायची व तो डोळ्याला लावायचा, ही घरांतील जुनी रीत. तिच्यांतील तत्त्व बरोबर असलें तरी ऊब क्षणभरच टिकते. घट्ट तेल वितळावयाचें तर पापणीच्या आंतील बाजूस सुमारें ४० अंश सेंटिग्रेड उष्णता कांहीं मिनिटें पोंचावी लागते. याकरितां हात धुवून, स्वच्छ फडकें सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवावें. तें दोन मिनिटांतच निवतें. म्हणून दोन फडकीं आळीपाळीनें घेऊन एकंदर दहा मिनिटें शेक चालूं ठेवावा. बाजारांत मिळणारे डोळ्यांवर बांधण्याचे गरम पट्टे ऊब अधिक वेळ धरतात. कांहींही असलें तरी तें प्रथम मनगटावर लावून पाहावें. पापणीची कातडी फार पातळ असते आणि भाजलेली पापणी हा मूळ रोगाहून मोठा ताप. नंतर तेल ऊन आहे तोंच बोटाच्या टोकानें वरची पापणी वरून खालीं व खालची खालून वर, कडेच्या दिशेनें, हलकेच निपटावी. डोळ्याच्या गोलावर दाब पडतां कामा नये व डोळे चोळूं नयेत. शेवटीं ओल्या स्वच्छ कापसानें पापणीची कड व केसांचीं मुळें पुसावीं. शेकानंतर थोडा वेळ अंधुक दिसलें तर घाबरण्याचें कारण नाहीं.

आरंभीं हें दिवसांतून दोनदां व पुढें एकदां करावें लागतें. गुण दिसण्यास आठवडे लागतात, आणि रोगी कंटाळतात ते येथेंच. थेंबांची बाटली विकत आणणें सोपें; दहा मिनिटें डोळे मिटून स्वस्थ बसणें आजच्या गृहस्थास फार जड जातें. ज्यांनीं सकाळच्या रेडिओच्या बातम्यांशीं किंवा चहानंतरच्या विश्रांतीशीं शेकाची सांगड घातली, त्यांचें बहुधा तडीस जातें. वाचतांना मधूनमधून पापण्या पूर्ण मिटून दोन सेकंद तशाच ठेवणें, संगणकाचा पडदा नजरेच्या किंचित् खालीं ठेवणें, पंख्याचा झोत तोंडावर न घेणें, या गोष्टींना तर खर्चही नाहीं.

कृत्रिम अश्रूंचे थेंब आराम देतात. मात्र ते दिवसांतून चारांहून अधिक वेळां घालावे लागत असतील तर टिकाऊपणासाठीं मिसळलेलें रसायन नसलेले घ्यावे, कारण तें रसायनच पुढें डोळ्यास बाधतें. लाली घालविणारे व स्टेरॉइड असलेले थेंब दुकानदाराच्या सल्ल्यानें घेणें धोक्याचें आहे. स्टेरॉइड फार दिवस चाललें तर काचबिंदु व मोतीबिंदु होऊं शकतात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा बोलबाला मोठा आहे. पण २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत ५३५ रोग्यांपैकीं कांहींना वर्षभर त्या व इतरांना ऑलिव्हचें तेल दिलें, तेव्हां दोहोंच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन हीं औषधें सूज कमी करण्यासाठीं दिलीं जातात; तीं डॉक्टरांनीं ठरवावयाचीं. पापण्या आंतून तापवून दाबणारीं यंत्रें व प्रकाशाच्या झोतांचे उपचारही निघाले आहेत. ते महाग आहेत. त्यानंतरही घरचा शेक बहुधा सुटत नाहीं. शिवाय प्रकाशाच्या झोतानें सांवळ्या कातडीवर डाग किंवा भाजण्याचा धोका अधिक असतो, हें आपल्याकडील रोग्यांनीं आधीं विचारून घ्यावें.

प्रत्येक कोरडा डोळा तेलावांचूनच कोरडा असतो असें मात्र नाहीं. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडें पडत असेल, सांधे दुखत असतील, तर स्वीडनमधील नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यानें १९३३ सालीं वर्णिलेला रोग असूं शकतो. त्यांत खरोखरच पाणी आटतें व रक्ताची तपासणी करावी लागते. डोळा ठणकूं लागला, उजेड सोसेनासा झाला किंवा दिसणें कमी झालें तर शेकत बसूं नये, त्याच दिवशीं डोळा दाखवावा. आणि उतारवयांत पापणींत एकाच जागीं पुन्हां पुन्हां गांठ उठत असेल, किंवा तेथील केस गळूं लागले असतील, तर तिला रांजणवाडी समजून दुर्लक्ष करूं नये. याच तेलग्रंथींत उद्भवणारा कर्करोग क्वचित् तसेंच सोंग घेऊन येतो, व गांठीचा तुकडा काढून तपासल्यावांचून तो ओळखतां येत नाहीं.