निवडणूक हरलेला लहरी नेता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पराभव ही हिंगोलीच्या राजकारणातली नेहमीची गोष्ट आहे. हिंगोली लोकसभा मतदारसंघात पहिली निवडणूक १९७७ साली झाली. १९८०, १९८४ आणि १९८९ मध्ये उत्तम राठोड सलग तीनदा निवडून आले. त्यानंतर २०२४ पर्यंत इथून एकालाही लागोपाठ दोन निवडणुका जिंकता आलेल्या नाहीत. २०१४ मध्ये काँग्रेसचे राजीव सातव यांनी तत्कालीन खासदार, शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांच्यावर अवघ्या १,६३२ मतांनी विजय मिळवला. निकाल असा निसटता लागला की पारावर आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न चघळला जातो : हरलेला आता काय करील? सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरेच बोलणारा नेता असेल, तर तर्काला ऊत येतो. त्यातले काही समज तपासून पाहण्यासारखे आहेत.

गैरसमज १ : हरलेला नेता काय करील, हे केवळ त्याच्या स्वभावावर ठरते.

वस्तुस्थिती : स्वभावाइतकेच महत्त्व त्याच्यापुढे मोकळ्या असलेल्या वाटांना असते. इंदिरा गांधींच्या बाबतीत एकाच व्यक्तीची दोन टोकांची वागणूक दिसते. १९७१ मध्ये रायबरेलीत हरलेल्या राजनारायण यांनी त्यांच्याविरुद्ध निवडणूक याचिका केली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. तेव्हा सत्ता हातात होती आणि संसदेत मोठे बहुमत होते. मार्च १९७७ मध्ये मात्र त्याच राजनारायण यांनी रायबरेलीत त्यांचा ५५,२०२ मतांनी पराभव केला. पक्षाचे बहुमतही गेले. २१ मार्चला आणीबाणी मागे घेण्यात आली आणि त्यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. स्वभाव दोन वर्षांत बदलला नव्हता. हातातले बळ बदलले होते. त्याच लाटेत नव्या हिंगोली मतदारसंघाने जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील यांना लोकसभेत पाठवले.

गैरसमज २ : पराभूताने हार कबूल केल्याशिवाय निकाल पक्का होत नाही.

वस्तुस्थिती : भारतीय कायद्यात पराभूताच्या कबुलीला जागाच नाही. मतमोजणीच्या टेबलावर मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचे सील उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवले जाते, रिझल्टचे बटण दाबले जाते आणि पडद्यावर एकेका उमेदवाराची मते झळकतात. जाळीपलीकडे बसलेले प्रतिनिधी ते आकडे आपल्या कागदावर उतरवून घेतात. टपाली मते आणि सर्व फेऱ्यांची बेरीज झाली, की निवडणूक निर्णय अधिकारी अंतिम निकालपत्रावर सही करून निकाल जाहीर करतात आणि विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र देतात. हरलेला उमेदवार तोवर तणतणत घरी गेला असला, तरी निकालाला बाधा येत नाही. विजयी उमेदवाराचे अभिनंदन करणे हा शिष्टाचार आहे, कायदेशीर अट नव्हे.

कबुलीवर विसंबून राहणे किती धोक्याचे असते, हे गांबिया या आफ्रिकी देशात दिसले. २२ वर्षे सत्तेवर असलेले याह्या जामेह यांनी २ डिसेंबर २०१६ रोजी पराभव मान्य करून विजयी उमेदवार अदामा बॅरो यांचे अभिनंदन केले आणि ९ डिसेंबरला शब्द फिरवला. शेजारी देशांनी सैन्य आत घातल्यावर, २१ जानेवारी २०१७ रोजी ते देश सोडून गेले.

गैरसमज ३ : सत्तेतला नेता हरू लागला, की फोन फिरवून अधिकाऱ्याची बदली करू शकतो.

वस्तुस्थिती : लोकसभेसाठी साधारणतः जिल्हाधिकारीच निवडणूक निर्णय अधिकारी असतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत ते, तसेच निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी आणि नेमलेले पोलीस, निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते. त्या काळात त्यांच्यावर आयोगाचे नियंत्रण आणि शिस्त चालते. राज्यातल्या मंत्र्याला त्यांना परस्पर हलवता येत नाही.

गैरसमज ४ : फेरमोजणी मागितली की मिळते, आणि केव्हाही मागता येते.

वस्तुस्थिती : एकूण मतांचे आकडे जाहीर झाल्यावर उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला लेखी अर्ज करता येतो आणि त्यात कारणे द्यावी लागतात. अधिकारी अर्ज पूर्ण वा अंशतः मान्य करू शकतात किंवा कारणे नोंदवून फेटाळू शकतात. अंतिम निकालपत्रावर एकदा सही झाली, की ही वाट बंद होते. त्यामुळे आधी बाहेर येऊन माध्यमांसमोर आरोप आणि मग आत जाऊन अर्ज, असा उलटा क्रम लावणाऱ्याची वेळ निघून गेलेली असते.

गैरसमज ५ : मतदान यंत्राबद्दल शंका आली, तर ती तपासण्याची सोय नाही; गावानेच पुन्हा मतदान घ्यावे.

वस्तुस्थिती : २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. हिंगोली लोकसभेत हिंगोली, कळमनुरी, वसमत, हदगाव, किनवट आणि उमरखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे तीस केंद्रे. चिठ्ठ्या आणि यंत्र यांत तफावत आली, तर चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. याशिवाय सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांच्या तपासणीसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. खर्च अर्जदाराचा, छेडछाड सिद्ध झाली तर तो परत मिळतो.

गावाने स्वतः घेतलेल्या मतदानाला मात्र कायदेशीर अर्थ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीने मतपत्रिकांवर मतदान घेण्याचा घाट घातला होता. जमावबंदी आणि पोलीस बंदोबस्तापुढे तो सोडून द्यावा लागला. पुढाकार घेणारे लोक निवडून आलेले आमदार उत्तम जानकर यांचे समर्थक होते. गावात अपेक्षेपेक्षा कमी मते पडली, ही त्यांची तक्रार होती. निकालावर शंका फक्त हरलेला घेतो, असेही नाही.

गैरसमज ६ : कोर्टात जाणे म्हणजे रडीचा डाव, किंवा कोर्टात गेले की हरलेला जिंकतोच.

वस्तुस्थिती : निकालाला आव्हान देण्याचा संविधानाला मान्य असलेला मार्ग निवडणूक याचिकेचाच आहे. निकालापासून ४५ दिवसांच्या आत उमेदवार किंवा त्या मतदारसंघातील मतदार उच्च न्यायालयात ती दाखल करू शकतो. हिंगोलीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून हरल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही याचिकेचाच मार्ग धरला. ती फेटाळली गेली. २०२४ मध्ये वायव्य मुंबईत ४८ मतांनी हरलेले अमोल कीर्तिकर यांची याचिकाही फेटाळली गेली.

याचिका यशस्वीही होते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत हरलेले प्रभाकर कुंटे यांच्या याचिकेवरून रमेश प्रभू यांची निवड धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल रद्द झाली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच दिवशी, उच्च न्यायालयाने रद्द केलेली मनोहर जोशी यांची दादरमधली १९९० ची निवड मात्र वैध ठरवली. शिवाय विजेत्याची निवड रद्द झाली म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आपोआप निवडून येत नाही. खरी बहुसंख्य मते आपल्याला होती किंवा गैरप्रकार नसते तर मिळाली असती, हे त्याला स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

गैरसमज ७ : हरलेला नेता संपला.

वस्तुस्थिती : आमदार नसलेल्या व्यक्तीला सहा महिने मंत्री किंवा मुख्यमंत्री राहता येते. २०२१ मध्ये नंदीग्राममध्ये हरूनही ममता बॅनर्जी पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री झाल्या आणि नंतर भवानीपूरमधून निवडून आल्या. हिंगोलीत १९९६ ला शिवाजी माने, १९९८ ला सूर्यकांता पाटील, १९९९ ला पुन्हा माने आणि २००४ ला पुन्हा पाटील निवडून आल्या. पक्ष बदलण्याची वाटही खुली असते : २०१४ मध्ये शिवसेनेतर्फे हरलेले वानखेडे २०१९ मध्ये काँग्रेसचे उमेदवार होते आणि तेव्हाही हरले. पुढची निवडणूक पाच वर्षांच्या आत येणारच असते. आरडाओरडा करून थकलेले बहुतेक पराभूत अखेर तिच्याच तयारीला लागतात.